हिरवा दिवा चालू असताना उलटलेला टेलिहँडलर: एका साइटवरचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेला एका निवासी प्रकल्पावर, ऐन जुलैच्या पावसात, एएसी ब्लॉकचं (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचं) पॅलेट तिसऱ्या स्लॅबवर चढवताना टेलिहँडलर, म्हणजे लांब होणाऱ्या हाताचा फोर्कलिफ्ट, उजव्या कुशीवर उलटला. ऑपरेटरने सीट बेल्ट लावलेला होता, म्हणून तो खांद्याच्या मुक्या मारावर सुटला. पळताना पाय घसरून पडलेल्या एका हेल्परचं मनगट मोडलं. चौकशी करणाऱ्यांत मी होतो. बिल्डर, ठेकेदार किंवा यंत्राचा मालक यांची नावं इथे देत नाही. यंत्र कोणत्या कंपनीचं होतं यानेही फरक पडत नाही, कारण बिघाड यंत्रात नव्हताच.

पहिल्या दिवशीच ऑपरेटरने एक वाक्य सांगितलं आणि नंतर प्रत्येक वेळी तेच सांगत राहिला: “हरी बत्ती थी साहब, आखरी तक हरी थी।” केबिनमधला तोल दाखवणारा दिवा शेवटपर्यंत हिरवा होता, असं त्याचं म्हणणं. ठेकेदाराच्या माणसांना ही पळवाट वाटली. आम्ही यंत्र उभं करून, सेन्सर तपासून घेतल्यावर कळलं की तो खरं बोलत होता, आणि दिवाही खरं सांगत होता. या प्रकरणातली शिकण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

यंत्र आणि त्याचा तोल

कारखान्यातला फोर्कलिफ्ट सपाट काँक्रीटवर चालतो. चाकं लहान, जमिनीपासून उंची कमी. चिखलात तो जागीच रुततो. म्हणून खडबडीत जमिनीवरचा फोर्कलिफ्ट वेगळा घडवावा लागला. फ्रान्समध्ये मार्सेल ब्रो यांनी १९५८ मध्ये ट्रॅक्टरची बैठक उलट्या दिशेला फिरवली, मोठ्या चाकांच्या बाजूला मास्ट, म्हणजे माल सरळ वर नेणारा उभा खांब, बसवला आणि त्यातून मॅनिटू कंपनीचा पहिला असा फोर्कलिफ्ट उभा राहिला. पुढे सरळ वर जाणाऱ्या मास्टऐवजी लांब होणारा हात, म्हणजे बूम, आला. जेसीबी कंपनीचा अशा प्रकारचा लोडॉल १९७७ चा. आज आपल्याकडे मोठ्या साइटवर दिसतो तो हाच प्रकार, टेलिहँडलर.

बूममुळे माल उंच जातो तसाच पुढेही जातो, आणि धोका त्या ‘पुढे’मध्ये आहे असं सगळ्यांच्या मनात बसलेलं असतं. ते खोटं नाही. माल जितका पुढे, तितका पुढच्या चाकांवर भार वाढतो आणि मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल हलका होत जातो. तो फारच हलका झाला की यंत्र नाकावर येतं. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलवर सेन्सर असतो. अ‍ॅक्सलवर पुरेसा भार असेल तर दिवा हिरवा, कमी होत गेला की पिवळा, मग लाल आणि भोंगा. नव्या यंत्रांत त्यापुढे बूम लांब करणं किंवा खाली आणणं बंद पडतं. युरोपात यासाठी ईएन १५००० हे मानक आहे आणि ते फक्त पुढे-मागे होणाऱ्या तोलापुरतंच आहे.

बाजूच्या तोलाचं काय? त्यासाठी या यंत्रावर कोणताही सेन्सर नव्हता. केबिनमध्ये एक काचेची नळी होती, आत बुडबुडा. यंत्र आडवं किती झुकलंय ते तो बुडबुडा सांगतो. अपघातानंतर पाहिलं तेव्हा त्या नळीवर वाळलेल्या चिखलाचा थर होता, आणि तो त्या दिवशीचा नक्कीच नव्हता.

आणखी एक गोष्ट ऑपरेटर सोडाच, बऱ्याच इंजिनिअरांनाही ठाऊक नसते. यंत्राला चाकं चार असली तरी बाजूचा तोल चार पायांवर नसतो. खड्ड्यांतून जाताना चारही चाकं जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून मागचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर झुलता ठेवलेला असतो. त्यामुळे यंत्राची चौकट तिवईसारखी तीन टेकूंवर उभी असते: पुढची दोन चाकं आणि मागची ती एक पिन. काही यंत्रांत बूम वर गेला की मागचा अ‍ॅक्सल लॉक होतो, काहींत चौकट आडवी सरळ करण्याची सोय असते. या यंत्रात दोन्ही नव्हतं. तीन टेकूंचा हा त्रिकोण मागे निमुळता होत जातो. सगळ्या वजनाचा मध्य जमिनीवर कुठे पडतो ते पाहिलं, तर त्याला बाजूला सरकायला वाटतं त्यापेक्षा बरीच कमी जागा उरते.

जमीन

मे महिन्यात प्लंबिंगच्या ठेकेदाराने ड्रेनेजची लाइन टाकली. चर सव्वा मीटर खोल, दोन फूट रुंद. पाइप बसल्यावर तो बुजवला तो खणून काढलेल्या काळ्या मातीनेच. भराव वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर ठोकायचा असतो. इथे माती एका दमात लोटली, वर जेसीबीची बकेट दाबली आणि चार बोटं मुरूम पसरला.

मे महिन्यात ती जमीन दगडासारखी लागते. काळी माती सुकली की टणक होते, वर मुरमाचा पापुद्रा असला की डोळ्याला रस्ताच दिसतो. आपल्याकडच्या साइट पावसाळ्यात इतक्या दगा देतात त्याचं मोठं कारण हे आहे. मुरमाखाली पाणी मुरतं, काळी माती ते धरून ठेवते आणि फुगून मऊ होते. वरचा मुरूम मात्र धुऊन आणखी स्वच्छ, आणखी पक्का दिसू लागतो. पायाने चालून काही कळत नाही. माणसाचं वजन तिला काहीच नाही.

यंत्राचं वजन किती पडतं? रिकामं यंत्र ११ टनांचं. बूम वर आणि पुढे असताना यातला बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर येतो, एकेका चाकावर चार-साडेचार टन. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढा असतो. अशा टायरात ५ बारच्या आसपास हवा असते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५० टन. पाणी प्यालेला सैल भराव याचा पाचवा हिस्सासुद्धा भरवशाने पेलत नाही.

चर प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर होता. माल कुठून चढवायचा, मिक्सर कुठून येणार, हायड्रा (फिरती क्रेन) कुठे उभा राहणार हे दाखवणाऱ्या साइटच्या नकाशावर नव्हता. दोन्ही कागद एकाच ऑफिसात, एकाच भिंतीवर लावलेले होते. ऑपरेटर जूनच्या शेवटी भाड्याच्या यंत्राबरोबर आला. त्या जागी कधी चर होता हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं, आणि त्याने विचारावं तरी कोणाला?

वजन

एएसी ब्लॉक हलका म्हणूनच विकला जातो. सुपरवायझरच्या डोक्यात कॅटलॉगमधला आकडा होता. ६०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरचा ब्लॉक, पॅलेटवर ८० नग, घनमीटरला ६०० किलो धरले तर साधारण ८६५ किलो. हा आकडा सुक्या ब्लॉकचा. एएसीच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या असतात आणि तो पाणी भरपूर पितो. गट्ठ्यांवरची ताडपत्री फाटलेली होती, दोन आठवडे पाऊस पडत होता. अपघातानंतर त्याच गट्ठ्यातले ब्लॉक वजन करून पाहिले आणि पॅलेटचा हिशेब पावणेबाराशे किलोच्या पुढे गेला.

पण एवढ्या वजनानेही लोड चार्टची, म्हणजे कोणत्या उंचीला आणि पोहोचीला किती वजन चालेल हे सांगणाऱ्या तक्त्याची, मर्यादा ओलांडली नव्हती. केबिनमधल्या लोड चार्टवर, फक्त टायरवर उभं असताना, त्या उंचीला आणि त्या पोहोचीला दीड टन उचलण्याची मुभा होती. म्हणून दिवा हिरवा. चार्टच्या तळाशी बारीक अक्षरांत अट असते: जमीन घट्ट आणि सपाट हवी. ती अट सुटली की वरचे सगळे आकडे निरर्थक होतात. लोक चार्टमध्ये आकडा शोधतात, अट वाचत नाहीत. माझ्या मते ती अट चार्टच्या माथ्यावर, सर्वांत मोठ्या अक्षरांत छापायला हवी.

यंत्राला पुढे दोन स्टॅबिलायझर होते, ज्यांना साइटवर सगळे जॅक म्हणतात. ते का टेकवले नाहीत, हा चौकशीत पहिला प्रश्न होता. उत्तर साधं होतं. टायरवर चालतंय असं चार्ट सांगतो, आणि जॅक लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे यात प्रत्येक पॅलेटमागे काही मिनिटं जातात. ऑपरेटरला पैसे महिन्याचे मिळत होते, पण ब्लॉक चढवणाऱ्या टोळीला पॅलेटमागे. ती टोळी वर स्लॅबवर उभी राहून हाका मारत होती. दुसऱ्या दिवशी बाजूच्या विंगचं काँक्रीट होतं आणि ट्रान्झिट मिक्सरला तीच वाट मोकळी हवी होती. जॅक टेकवले असते तरी उजवा जॅक त्याच चरावर आला असता, हेही खरं. फक्त तेव्हा बूम वर नसता, जॅक खचताना दिसला असता आणि गोष्ट तिथेच थांबली असती.

ती काही मिनिटं

पाणी वाहून जावं म्हणून त्या जागेला मुद्दाम उतार दिलेला होता, मीटरला पाच सेंटिमीटर. अंशांत सांगायचं तर तीनला जरा कमी. यंत्र त्या उताराला आडवं उभं होतं, उजवी बाजू खाली. तीन अंश केबिनमध्ये बसल्यावर जाणवतही नाहीत. पण १० मीटर उंचीवरचा माल तीन अंशांत अर्धा मीटर बाजूला गेलेला असतो.

पॅलेट स्लॅबच्या कडेपासून हातभर दूर असताना पुढचं उजवं चाक खचलं. एकदम नाही. सिग्नल देणाऱ्या मुलाने सांगितलं की आधी वीतभर गेलं आणि थांबलं. वर टोळीतल्या दोघांनी पॅलेटला हात घालायला पुढे केलेले हात मागे घेतले.

इथे ऑपरेटरसमोर तीन वाटा होत्या. पहिली, बूम तसाच खाली आणणं. लांब केलेला बूम नुसता खाली आणला की माल आधी पुढे जातो, पोहोच वाढते आणि पुढच्या चाकांवरचा भारही वाढतो. खचलेल्या चाकावर आणखी वजन टाकायचं, असा त्याचा अर्थ. शिवाय खाली फिटरांनी सळया रचून ठेवल्या होत्या आणि दोन माणसं तिथे बार बांधत होती. दुसरी वाट बरोबर होती: गाडी जागची न हलवता बूम आधी आत ओढायचा, अगदी सावकाश, आणि पूर्ण आत आल्यावरच खाली घ्यायचा. आधी आत, मग खाली. तिसरी वाट रिव्हर्स टाकून चाक बाहेर काढायची.

त्याने रिव्हर्स टाकला.

चाक रुतलं की गाडी मागे घ्यायची ही सवय ट्रॅक्टर, डंपर, जेसीबी चालवून हातात बसलेली असते, आणि तिथे ती बरोबरही असते. हा माणूस आधी डंपर चालवायचा. टेलिहँडलरचं त्याचं शिक्षण म्हणजे जुन्या ऑपरेटरशेजारी उभं राहून पाहणं. चाक खचलं आणि बूम वर आहे अशा वेळी काय करायचं, हे त्याला कधी कोणी करून दाखवलेलं नव्हतं. हे करून बघायला अपघात लागत नाही. रिकाम्या फोर्कवर (माल उचलणाऱ्या काट्यांवर), सपाट जागी, अर्धा तास पुरतो.

चाक फिरलं, भराव उकरला गेला आणि यंत्र झटक्यात आणखी खाली गेलं. नंतर मोजलं तेव्हा खचणं एकूण पंचवीस सेंटिमीटरच्या घरात होतं. दोन चाकांमधलं अंतर १.९ मीटर, म्हणजे नुसत्या खचण्याचा कल साडेसात अंश. आधीचा उतार धरून दहाच्या वर. दहा अंशांत १० मीटर उंचीवरचा माल पावणेदोन मीटर बाजूला जातो, आणि यंत्राच्या मध्यापासून चाकापर्यंतचं अंतर एक मीटरही नाही. सगळं वजन एकत्र धरून ढोबळ हिशेब केला तर ते यंत्र स्थिर असताना कदाचित तेरा अंशांपर्यंत तगलं असतं. उरलेलं काम धक्क्याने केलं. वरचं वजन एकदा वेगाने बाजूला निघालं की ते ठरलेल्या अंशावर थांबत नाही, पुढे झोकांडतं.

यात मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार फारसा कमी झाला नाही. म्हणून दिवा हिरवाच राहिला.

उलटताना ऑपरेटरने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि तो आतच राहिला. उडी मारली असती तर केबिनच्या चौकटीखाली आला असता. या एका बाबतीत साइटचं कौतुक करायला हवं. बेल्टशिवाय यंत्र सुरू दिसलं तर दंड, हा नियम तिथे खरोखर पाळला जात होता. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८० ते १९९४ या काळातले फोर्कलिफ्टचे १,०२१ मृत्यू तपासले होते. त्यांत सर्वांत मोठा वाटा यंत्र उलटण्याचा होता, २२ टक्के. त्याच्या अगदी जवळ, २० टक्के, पायी चालणाऱ्याला यंत्र लागण्याचा. आमच्याकडे सिग्नलवाल्या मुलाने ओरडून बार बांधणाऱ्या दोघांना आधीच दूर केलं होतं. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, हातात फक्त शिट्टी. त्या दिवशी कोणी मेलं नाही याचं निम्मं श्रेय त्याचं आहे, आणि पहिल्या अहवालात त्याचा उल्लेखही नव्हता.

पहिला अहवाल आणि दुसरा

पहिला अहवाल दुसऱ्याच दिवशी तयार झाला. कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, बूम वर असताना गाडी हलवली. उपाय: ऑपरेटर बदलला. हेल्परचं मनगट मोडल्याने तो अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कामाबाहेर राहणार होता. तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे अपघाताची सूचना सरकारकडे जाणं भाग होतं, आणि ती या एका ओळीच्या कारणासह जाणार होती.

आम्ही ते थांबवलं. बूम वर असताना गाडी हलवली हे खरं आहे आणि ती चूक मोठी आहे, हे मी लपवत नाही. पण ऑपरेटर बदलला तरी चर तिथेच राहतो, ओले ब्लॉक तिथेच राहतात आणि नळीवरचा चिखलही. नवा माणूस त्याच जागी, त्याच हिरव्या दिव्याकडे बघत, तेच पॅलेट उचलतो. ज्या अहवालाने पुढचा अपघात टळत नाही, तो लिहिण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुसऱ्या अहवालासाठी आधी चर उघडला. कुदळ पहिल्या घावात मुरमातून आरपार गेली आणि खाली चिखल लागला. तो फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर लावला, आणि बैठकीत त्यानंतर निष्काळजीपणा हा शब्द कोणी काढला नाही.

काय बदललं

जिथे जिथे खणलंय त्या सगळ्या रेषा एका नकाशावर आल्या, आणि जमिनीवर चुन्याच्या फक्कीने. पावसात फक्की धुऊन जाते, म्हणून दोन्ही कडांना लाल रंग दिलेले खुंट ठोकले. टेलिहँडलर उभा करायच्या जागा ठरल्या, चार. तिथला भराव काढून मुरूम थरांनी भरून रोलर फिरवला आणि जॅकखाली ठेवायला लाकडी स्लीपर आले. या चार जागा सोडून बूम उचलायचा नाही. हा एक नियम बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त कामाचा ठरला, कारण तो लांबूनही दिसतो. यंत्र रंगवलेल्या चौकोनात आहे की नाही, हे वॉचमनसुद्धा सांगू शकतो.

नवा गट्ठा आला की पहिलं पॅलेट हायड्राच्या हुकाला वजनकाटा लावून तोलायचं आणि तो आकडा खडूने ताडपत्रीवर लिहायचा. सकाळच्या तपासणीत टायरची हवा, जॅक, फोर्कच्या पिना यांच्यासोबत बुडबुड्याची नळी पुसणंही आलं. बुडबुडा मध्यावर नसेल तर बूम वर जात नाही. आणि दर आठवड्याला अर्धा तास, रिकाम्या फोर्कवर, आधी आत मग खाली.

ऑपरेटरला परत घेण्यासाठी मला बरंच भांडावं लागलं. तो परत आला तो दहा दिवसांचं रीतसर प्रशिक्षण घेऊन, आणि त्याचा खर्च यंत्राच्या मालकाने उचलला. चाक खचलं तेव्हा हाताला काय वाटलं, दिवा कुठे होता, नजर कुठे होती, हे तो नव्या मुलांना स्वतः सांगतो. ते त्याच्याकडून ऐकताना ती मुलं जितकी गप्प बसतात, तितकी माझ्या स्लाइडसमोर कधी बसली नाहीत.

टोळीचा पॅलेटमागचा दर बदलला नाही. मी तो दिवसावर आणा असं सुचवलं होतं, प्रोजेक्ट मॅनेजरने नकार दिला. जॅक लावण्यात जाणारा वेळ अजूनही त्या टोळीच्याच खिशातून जातो, आणि स्लॅबवरून हाका अजून येतात. हे दुखणं मिटलेलं नाही.

सर्वांत मोठा वाद झाला तो सहीवरून. या जागी यंत्र उभं करायला हरकत नाही, असं कोणी लिहून द्यायचं? सिव्हिल इंजिनिअर म्हणाला, चर प्लंबरने बुजवलाय. प्लंबिंगचा ठेकेदार म्हणाला, माझ्या बिलात पाइप आहे, ठोकणं नाही. त्याचं बिल काढून पाहिलं. खोदाई होती, पाइप होता, चेंबर होते, आणि ‘माती परत भरणे’ एवढंच लिहिलेलं होतं. थर किती, ठोकायचं कशाने, तपासणार कोण, यातलं काही नाही. पुढच्या विंगच्या कंत्राटात भराव थरांनी ठोकण्याची वेगळी बाब आली, घनमीटरला वेगळ्या दरासह, आणि त्या बाबीचं बिल सिव्हिल इंजिनिअरच्या तपासणीच्या सहीशिवाय निघत नाही.